भूगोलाच्या बाईंची शोकसभा

आमच्या वर्गाबद्दल माझं मत चांगलं कधीच नव्हतं. शाळेत होतो तेव्हाही नव्हतं, आणि आता पन्नाशी ओलांडून, पोटं सुटून, केस काळे करून सगळे व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर पुन्हा जमले, तेव्हा होतं नव्हतं तेही गेलं. पहाटे उगवत्या सूर्याच्या चित्रावर सुविचार येतात. दुपारी गुडघेदुखीवरचे काढे. संध्याकाळी देशाचं काय होणार याची चिंता. कुणी काही वाचत नाही, सगळे फक्त पुढे ढकलतात. "तू त्या ग्रुपात राहतेस तरी कशाला?" नवरा विचारतो. मी म्हणते, "अहो, कळव्यात घरबसल्या इतका चांगला फार्स मला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?"

गेल्या गुरुपौर्णिमेला मात्र या मंडळींनी स्वतःवरच वरताण केली. त्यांनी आमच्या भूगोलाच्या बाईंना मारून टाकलं.

झालं असं. आमच्या वर्गातली एक जण कोपरला शिकवण्या घेते. तिच्या क्लासच्या भिंतीवर बाईंचा एक फोटो आहे. गुरुपौर्णिमा म्हणून तिने फोटोला झेंडूचा हार घातला, समोर निरांजन लावलं, उदबत्ती लावली, आणि त्या सगळ्याचा मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली एक शब्द नाही, फक्त जोडलेले दोन हात. मग फोन पर्समध्ये टाकून ती मुलांचे पाढे घ्यायला गेली.

आता आपल्याकडे फोटोला हार आणि पुढे दिवा म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. दहा मिनिटांत पहिली "भावपूर्ण श्रद्धांजली" पडली. मग दुसरी. मग रांगच लागली. कुणी रडणारी तोंडं टाकली, कुणी विझत चाललेली पणती, कुणी ढगात उडणारं कबुतर. मग निबंध सुरू झाले. जो माणूस शाळेत बाईंच्या तासाला बाकाखाली बसून चिंचा खायचा, त्याने बाईंच्या ऋणावर तीन परिच्छेद लिहिले. आणि कळस सांगते. संध्याकाळी क्लासवालीने फोन उघडला, ग्रुप वाचला, आणि तिने लिहिलं, "अरे देवा! बाई गेल्या? मी आजच त्यांच्या फोटोला हार घातलेला! हा योगायोग म्हणायचा की संकेत? अंगावर काटा आला."

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून इतकी हसले की कढी उतू गेली.

एवढ्या लोकांत एकानेही बाईंच्या घरी फोन लावला नाही. डोंबिवलीतल्या डोंबिवलीत राहणाऱ्यांनीही नाही. शोकसभा मात्र ठरली. पुढचा रविवार, सकाळची वेळ, डोंबिवलीतला एक वातानुकूलित हॉल. संयोजक कोण, तर फ्लॅटवाला.

या फ्लॅटवाल्याची ओळख करून द्यायलाच हवी. हा शेवटच्या बाकावरचा. आता शीळफाट्याच्या बाजूला उभे राहणारे टॉवर विकतो. प्रत्येक सणाला नाक्यानाक्यावर याचा हात जोडलेला फोटो लागतो, आणि तो फोटो त्याच्या वयाला इतका सोडून असतो की त्याच्या धाकट्या मुलाने स्वतःचा म्हणून लावला तरी चालेल. तो सगळ्या बायकांना 'ताई' म्हणतो आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, जणू आता ताबा देतोय. त्याने बाईंवर लिहिलं होतं, "बाईंमुळेच मी आज इथे आहे."

माझा या लोकांवर तत्त्वतःच विश्वास नाही. ते म्हणाले आज सोमवार, तर मी कॅलेंडर बघते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि डोंबिवलीला गेले.

तुम्ही म्हणाल, बाईंसाठी एवढं काय? तर बाई कशा होत्या ते ऐका. बाईंना जवळजवळ सगळ्या मनुष्यजातीबद्दल तुच्छता होती, आणि त्या ती जराही लपवत नसत. पण ती तुच्छता त्या खुर्चीत बसून करत नसत. तिच्यासाठी राबत असत. जून महिन्यात पाठ्यपुस्तक उघडायच्या आधी प्रत्येकाने घर ते शाळा असा नकाशा काढायचा. मग शनिवारी शाळा सुटली की बाई कुणाचा तरी एक नकाशा उचलत, छत्री घेत आणि त्या नकाशाबरहुकूम चालायला लागत. मागून आम्ही सगळे. नकाशात उजवीकडे वळा असेल तर बाई उजवीकडे वळत, मग तिथे रस्ता असो नाहीतर कुणाचं घर. एकदा एका मुलाच्या नकाशापायी बाई सरळ एका परक्या बिऱ्हाडात शिरल्या. घरातली बाई पोळ्या लाटत होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका. या विद्वानाच्या मते इथून शाळेला जायला रस्ता आहे. तुमचं घर चुकून मध्ये आलंय." त्या माउलीने हसत हसत आम्हा सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले.

माझ्या नकाशावरून चालायची पाळी आली तेव्हा बाई आमच्या गल्लीच्या टोकाला येऊन थांबल्या. पुढे नाला होता. मी तो काढायचा विसरले होते.

"हा काय आहे?"

"नाला, बाई."

"तुझ्या नकाशात दिसत नाही तो."

"विसरले, बाई."

"तू विसरलीस म्हणून तो वाहायचा थांबलाय का?" असं म्हणून बाईंनी पदर खोचला आणि पातळ गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्या नाल्यात उतरल्या. अख्खा वर्ग काठावर. बाई पलीकडे निघाल्या, चिखलाने माखलेल्या, आणि तिथून ओरडल्या, "नकाशावर विश्वास ठेवला की असं होतं! या आता!"

आम्ही गेलो. सगळे. माझी एक चप्पल अजून तिथेच असणार. आमच्या मूर्खपणाची किंमत स्वतः भरून दाखवणारं माणूस मला आयुष्यात पुन्हा भेटलं नाही. माझ्यात जो काही तिखटपणा आहे तो त्यांच्याकडून उचललेला आहे. त्यांच्यासारखं चिखलात उतरणं मात्र मला जमलेलं नाही.

तर मी बाईंच्या दारात पोचले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडंच होतं. ऐंशी उलटलेल्या बाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वालपापडी मोडत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"काय गं? भूत बघितल्यासारखी काय उभी राहिलीस?"

मला हसू आवरेना. "बाई, तुम्ही गेलात."

"कुठे?"

मी तिथे उंबऱ्यातच बसले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि बाई वैतागून म्हणाल्या, "आधी आत ये आणि दार लाव. शेजारी बघतायत."

मी सगळं सांगितलं. हार, निरांजन, कबुतर, सगळं. बाई अगदी खूश झाल्या. शेंगा बाजूला सरकवल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "वाच. एकेक वाच. काही गाळू नकोस."

मी वाचायला लागले. "बाई म्हणजे मायेचा सागर होत्या."

"कोणता? अरबी की बंगालचा?"

"आज डोंबिवलीचा सूर्य मावळला."

"दिशा लिहिली नाही. पुढे."

"बाईंनी आम्हाला जगण्याचा नकाशा दिला."

"प्रमाण काय?"

"बाई कधी कुणावर रागावल्या नाहीत."

"हे कोणी लिहिलंय? याला मी वर्गाबाहेर काढलेला, वर्षभर! हा बहुतेक मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर शिकलाय."

"बाईंच्या हातच्या रव्याच्या लाडवांची चव अजून जिभेवर आहे."

"मी?" बाई ओरडल्या. "रव्याचे लाडू? मला पाक जमत नाही गं, आयुष्यात जमला नाही!"

फ्लॅटवाल्याचंही वाचून दाखवलं. बाईंमुळेच मी आज इथे. बाई म्हणाल्या, "इथे म्हणजे कुठे? अक्षांश, रेखांश?"

असा आमचा तासभर दंगा चालला होता. मी तर आवाज काढून, हातवारे करून वाचत होते. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, बाई उत्तरं द्यायच्या थांबल्यात. मी वाचतेय आणि त्या खिडकीतून बाहेर बघतायत. मी थांबले.

"संपलं?"

"थोडं आहे अजून."

"राहू दे." त्यांनी एक शेंग उचलली, मोडली नाही. "ही बाई कोण गं? मायाळू, लाडूवाली. मी हिला ओळखत नाही. तिच्या मरणाचं मला दुःखही झालं नाही."

"बाई, हे लोक म्हणजे... यांचं काय मनावर घेता?"

"मनावर नाही. पण बघ ना, आपण गेल्यावर मागे काय राहतं हे बघायला सहसा कुणाला मिळत नाही. मला मिळालं. आणि यात माझं शिकवलेलं काही नाही. एक ओळ नाही." मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "एवढी वर्षं मी वर्गात काय करत होते मग?"

बाईंच्या तोंडून मी शिव्या ऐकल्या होत्या, टोमणे ऐकले होते. खरा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला. मी पुढ्यातली एक शेंग उचलून मोडायला लागले.

त्याच म्हणाल्या, "कळव त्यांना. बाई जिवंत आहेत आणि सभेला येणार आहेत. सभा रद्द करू नका म्हणावं. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"काही उरलंय का ते."

मी तिथूनच ग्रुपवर लिहिलं. मग एकेक श्रद्धांजली गायब व्हायला लागली. वरपासून खालपर्यंत 'मेसेज डिलीट केला' अशा पाट्यांचं स्मशान झालं. त्याच्यावर फ्लॅटवाल्याचं उगवलं, "ईश्वराची कृपा! हॉल आपलाच आहे, बॅनर छापून झालाय, तर आता शोकसभेऐवजी बाईंचा सत्कार करूया. वेळ तीच." अर्ध्या तासात सगळ्यांनी त्याला होकाराचे अंगठे दाखवले. मेलेल्या बाईंसाठी जी साडी नेसायची ठरली होती तीच जिवंत बाईंसाठी चालेल का, एवढीच काय ती चर्चा झाली.

रविवारी पावसाने उघडीप दिली होती, चांगलं ऊन पडलं होतं. मी बाईंना घरून रिक्षाने आणलं. हॉल दुसऱ्या मजल्यावर, सगळीकडून बंद, भिंतींना मखमली पडदे, आत शेवाळी उजेड. स्टेजवर भला मोठा बॅनर. बाईंचा फोटो, फोटोला छापील हार, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' मधल्या श्रद्धांजलीवर वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवून 'सत्कार' लिहिलेलं. भावपूर्ण सत्कार. पट्टीचं एक टोक सुटलं होतं आणि एसीच्या वाऱ्याने मधून मधून खालची श्रद्धांजली डोकावत होती.

बाईंना स्टेजवर बसवलं. मधल्या खुर्चीत मात्र फ्लॅटवाला. मी पहिल्या रांगेत, जागा पकडून, डोळे लावून.

सूत्रसंचालन क्लासवालीकडे. तिच्या हातात जुनाच कार्यक्रम. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, स्टेजवरच्यांनी स्टेजवरच्यांना गुलाब दिले, आणि मग तिने गंभीर आवाजात जाहीर केलं, "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया."

सगळे उठले. खरंच सांगते, एकालाही शंका आली नाही. माना खाली, हात पुढे बांधलेले. बाईही उठल्या, खुर्चीचा हात धरून. पूर्ण दोन मिनिटं हॉल स्तब्ध. बाईंनी स्टेजवरून मला डोळ्यांनी विचारलं, कशासाठी? मी बोट त्यांच्याकडे केलं. बाईंनी मान हलवली आणि राहिलेला वेळ स्वतःसाठी इमानाने उभ्या राहिल्या.

मग भाषणं. मायेचा सागर परत आला. लाडू परत आले. कुणी बाईंना माउली म्हणालं, कुणी दीपस्तंभ. प्रत्येक जण बाईंविषयी सुरुवात करून चौथ्या वाक्याला स्वतःच्या मुलावर जायचा, तो हल्ली कुठल्या देशात असतो ते सांगायचा. एकालाही तो देश नकाशात दाखवता आला असता का, मला शंका आहे. मी बाईंकडे बघत होते. त्या प्रत्येकाचं लक्ष देऊन ऐकत होत्या, किंचित पुढे झुकून. आता येईल, या भाषणात तरी येईल, असं त्यांच्या मानेवर लिहिलेलं दिसत होतं. प्रत्येक टाळीनंतर ती मान थोडी मागे जायची. हसायला आलेली मी, मला हसू येईना.

शाल आणली तेव्हा बाईंनी हाताने थांबवलं आणि माइक मागितला.

"छान बोललात सगळे. आता एक छोटी परीक्षा."

हॉल खळखळून हसला.

"हसू नका. उभे राहा. सगळे. स्टेजवरचेसुद्धा. आणि पूर्वेकडे तोंड करा."

आणि मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. पन्नाशीची, साठीकडे झुकलेली, कांजीवरम आणि सफारीतली ती सगळी माणसं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. कुणी पडद्याकडे, कुणी पंख्याकडे. "आपण ईस्टलाच आहोत ना, मग कुठेही तोंड केलं तरी चालेल," एक विद्वान कुजबुजला. कुणी मोबाइलमध्ये होकायंत्र शोधायला लागला, त्याला बाईंनी "खिशात!" म्हणून तिथूनच झापलं. बरेच जण ज्या बाजूला जास्त लोक वळलेत तिकडे वळले. क्लासवाली बाईंकडेच तोंड करून हात जोडून उभी राहिली. मी मात्र आत्मविश्वासाने उजव्या भिंतीकडे वळले होते. स्टेशन माझ्या डावीकडे राहिलं, असा माझा हिशोब पक्का होता.

फक्त एक माणूस जागचा हलला नव्हता. फ्लॅटवाला. स्टेजवर, प्रेक्षकांकडे तोंड करून, फोटो काढून घ्यायला उभा असतो तसा. मी शेजारणीला म्हटलं, "बघ, त्याला तर वळायचेही कष्ट नकोत."

बाईंच्याही ते लक्षात आलं. "काय रे? तू का नाही वळलास?"

"मी वळू कशाला बाई? मी पूर्वेलाच तोंड करून आहे."

"कशावरून?"

"धंदा आहे ना," तो दात काढून म्हणाला. "पूर्वेच्या फ्लॅटवर गिऱ्हाईक उड्या मारतं."

सगळे हसले. बाईंचा चेहरा मात्र पडला. एवढ्यांतून एक बरोबर निघाला, आणि तोही दुकानदारीचा. पण बाई त्या बाईच. त्यांनी सोडलं नाही.

"ते ठीक. इथे खिडकी नाही, सूर्य नाही. इथे तुला कळलं कसं?"

फ्लॅटवाला गडबडला. हे त्याला कुणी कधी विचारलं नसावं. हात ठेवायला कुणाचा खांदा मिळेना म्हणून त्याने तो हवेत धरला आणि हळूहळू, आठवत, चालून दाखवत बोलायला लागला.

"सकाळी रस्त्याने येत होतो ना, तेव्हा ऊन समोरून डोळ्यांवर होतं. गेटातून डावीकडे वळलो, ऊन उजव्या गालावर आलं. मग जिना. जिना फिरून वर येतो, म्हणजे तोंड उलटं झालं, आता ऊन डाव्या गालावर. मग हॉलचं दार उजव्या हाताला. आत शिरलो तर ऊन पाठीला, स्टेज समोर. म्हणजे स्टेज पश्चिमेला. स्टेजवर चढून तुमच्याकडे वळलो, की परत समोर." त्याने स्वतःच्या नाकासमोर बोट धरलं. "तुम्हीच सांगितलेलं ना बाई. आपण कोपरच्या खाडीवर गेलेलो, तिवरांत रस्ता चुकलो आणि सगळ्या मुली रडायला लागलेल्या. तेव्हा तुम्ही म्हणालेलात, घरात शिरलं तरी ऊन कुठल्या गालावर होतं ते सोडायचं नाही. मी नाही सोडत. सवयच लागली. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉस्पिटलात, कुठेही. बायको म्हणते, वेडा आहेस."

हॉलमध्ये लोक अजून वेड्यावाकड्या दिशांना तोंडं करून उभे होते. कुणालाच बसायचं सुचलं नव्हतं.

मला ती खाडीची सहल आठवत होती. चिखल, रडणाऱ्या मुली, सगळं. त्यात मीही होते. हे वाक्य मात्र माझ्याकडे नव्हतं. ते या माणसाकडे होतं, नाक्यावर हात जोडून उभ्या असलेल्या, सगळ्या जगाला ताई म्हणणाऱ्या या माणसाकडे. मला त्या क्षणी त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. माइक त्यांच्या हातात तसाच होता, त्यामुळे त्यांचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

"आणि हे वापरून तू फ्लॅट विकतोस," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो, बाई."

"खोटे नाही ना विकत? पश्चिमेचा पूर्वेचा म्हणून?"

"बाकी सगळं खोटं सांगतो बाई," तो म्हणाला. "पार्किंग, पाणी, स्टेशन पाच मिनिटं. दिशा नाही सांगत."

बाई खुर्चीत बसल्या. "आण ती शाल," त्या म्हणाल्या. "नको, तू नको," क्लासवालीला म्हणाल्या, "तो घालेल."

परत निघताना मी रिक्षा बघायला लागले तर बाई केव्हाच त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या. मला मागे जागा मिळाली, शाल, श्रीफळ आणि उरलेल्या गुलाबांच्या शेजारी. दुपारचे बारा वाजत आले होते. बाई त्याला विचारत होत्या, "आता ऊन डोक्यावर आलं, गालाचा उपयोग नाही. आता काय करशील?" आणि तो सिग्नलला थांबून खरंच विचार करत होता. काहीतरी म्हणाला. बाई म्हणाल्या, "चूक. पुन्हा." तो पुन्हा म्हणाला.

मध्येच त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "काय गं ए, तू तर उत्तर ध्रुवाला निघालेलीस मगाशी!"

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि पाण्याची बाटली शोधायची पाळी माझ्यावर आली.